सतरा सालची वही

१

पालघरजवळच्या माहीमच्या पानमळ्याबाहेर सकाळी आठ वाजता कोणी गाडीचा हॉर्न सलग वाजवत आलं, तर तो बळवंत राऊतच असणार, हे सगळ्या आळीला पाठ होतं. दमयंती सावे पानवेली बांधत होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

"ताई! ताई, घात झाला! वही गेली!"

"आधी हॉर्नवरचा हात काढ. मग कुठली वही ते सांग."

बळवंत गाडीतून उतरला. साठीचा गडी, पोट पुढे आणि आवाज पोटाच्याही पुढे. या माणसानं काकडी घेतली तरी ती कुठून घेतली आणि कडू निघाली की गोड, हे संध्याकाळपर्यंत गावाला कळायचं. आज मात्र त्याचा चेहरा पार उतरला होता.

"सतरा सालची वही. काल संध्याकाळी कपाटात होती, आज नाही. कपाटाला कुलूप जसंच्या तसं! आणि परवा सोमवार!"

परवाच्या सोमवारचा अर्थ दमयंतीबाईंना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मुंबईत पेटंटच्या कचेरीत तीस वर्षं अर्ज तपासून त्या निवृत्त झाल्या होत्या. बळवंतचा बोईसरला, तारापूरच्या एमआयडीसीत, रबराच्या वस्तूंचा छोटा कारखाना. काजूच्या टरफलांच्या तेलापासून तो एक पावडर बनवायचा. ती घातली की रबर उन्हानं आणि खाऱ्या वाऱ्यानं तडकत नाही. कारखान्यात सगळे तिला 'औषध' म्हणत. आणि गेल्या वर्षी मुंबईच्या एका बड्या कंपनीला नेमक्या त्याच औषधाचं पेटंट मिळालं. त्यांचा अर्ज जून २०१९चा. त्यांनी चोरी केली असं दमयंतीबाईंना मुळीच वाटत नव्हतं. एकच गोष्ट दोन डोक्यांना सुचते, हे त्यांनी तीस वर्षं पाहिलं होतं. पण कंपनीची नोटीस आली: औषध बनवणं थांबवा. औषध थांबलं की कारखाना थांबला, आणि त्या कारखान्यावर बावीस घरं चालत होती. पेटंटला विरोध करायची मुदत सोमवारी संपत होती. जून २०१९च्या आधी हे औषध लोकांना माहीत होतं किंवा वापरात होतं, एवढं दाखवायचं होतं.

गुरुवारी बळवंतनं आनंदानं एका पानाचा फोटो पाठवला होता. जुन्या वहीतलं पान, १५ डिसेंबर २०१७, खाली मिश्रणाची यादी आकड्यांसकट. दमयंतीबाईंनी उलट निरोप धाडला होता: मूळ वही शनिवारी घेऊन ये, भिंगाखाली शाई बघते.

"माझा निरोप तू कोणाला दाखवलास?"

"कोणालाच नाही!"

दमयंतीबाई हातातली वेल सोडून त्याच्याकडे वळल्या.

"म्हणजे... काल चहाच्या वेळी वाचून दाखवला. सगळ्यांना. मोठ्यानं."

"शाबास. आणि त्या वेळी, सतरा-अठरा साली, औषधाची कृती बाहेर कोणाला सांगितली होतीस का?"

"छे, छे! एक अक्षर नाही!" बळवंतनं मान खाली घातली आणि पायानं माती उकरू लागला.

दमयंतीबाईंनी हात धुतले. दुपारी जेवायला मडक्यातल्या उकडहंडीचा बेत होता, तो गेला बोंबलत. "चल," त्या म्हणाल्या. "बळवंत, ज्यानं वही नेली त्याला वही नकोच होती रे. त्याला माझं भिंग नको होतं."

२

कारखान्याच्या कपाटात दरसालची एक अशा वह्या ओळीनं उभ्या होत्या, आणि मधे एका वहीची फट. किल्ली गणपतीच्या तसबिरीखाली खिळ्याला टांगलेली. ती तिथे असते हे गणपतीसकट सगळ्यांना ठाऊक.

फाटकावर खंडेराव वॉचमन छाती काढून उभा होता. "बाई, माझ्या फाटकातून जेवणाचा डबासुद्धा न उघडता जात नाही. काल एकही वही भायेर गेली नाय."

"म्हणजे ती आतच आहे," दमयंतीबाई म्हणाल्या आणि त्यांना एकदम बरं वाटलं. शोधायचं तर एका आवारात शोधायचं.

काल पाचनंतर ऑफिसच्या बाजूला तिघंच होते: प्रयोगशाळेतली हेमाली, मिक्सिंगच्या मशीनवरचा अंकुश, आणि कागदपत्रं सांभाळणारा बळवंतचा पुतण्या भाग्येश.

हेमालीच्या टेबलावर सगळं कसं चकचकीत. तिच्या हातात पांढरे रबरी मोजे होते, ते तिनं बोलतानाही काढले नाहीत.

"मॅडम, मी इथे सोळा सालापासून आहे. त्या वह्या मी नाही, एकनाथराव लिहायचे. आमचे जुने सुपरवायझर. करोनात गेले बिचारे. जो माल जसा बनला तसा ते लिहीत. प्रत्येक नोंदीच्या मागची बाजू कोरी सोडायची सवय होती त्यांना."

"फोटोतलं अक्षर त्यांचंच?"

"त्यांच्यासारखंच वाटतं. पण मला तो दिवस आठवत नाही."

"सात वर्षांपूर्वीचा एक दिवस कोणाला आठवतोय! सुट्टीच्या दिवशी काय करायचीस तेव्हा?"

हेमाली पहिल्यांदाच हसली. "तेव्हा आमची सुट्टी शुक्रवारी असायची. मी पालघरला कथकच्या क्लासला जायचे. करोनानंतर सुट्टी रविवारी केली आणि माझं कथक बुडालं."

दमयंतीबाईही हसल्या. तेवढ्यात त्यांची नजर हेमालीच्या उघड्या पर्सकडे गेली. आत एक लिफाफा होता, आणि लिफाफ्यावर मुंबईच्या त्याच बड्या कंपनीचं नाव छापलेलं होतं.

३

"ते नोकरीचं पत्र आहे," हेमाली म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "कारखाना बंद पडला तर काय करणार, म्हणून मुलाखत देऊन आले. त्यांनी 'या' म्हटलं, मी 'येत नाही' म्हणून कळवलं. पत्र फाडायचा मात्र धीर झाला नाही. सरांना सांगू नका, मॅडम. ते सगळ्यांना सांगतील."

यात खोटं काही नव्हतं. दमयंतीबाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि त्या मशीनकडे गेल्या.

दोन जाडजूड रोल एकमेकांकडे फिरत होते आणि मधे रबर मळलं जात होतं. अंकुश मासवणचा, नखांपासून कोपरापर्यंत काळा. रबरात घालायच्या काजळीचं पोतं शेजारीच होतं, आणि त्याच्या पलीकडे आणखी चार.

"शेटशी तुझं भांडण झालं म्हणे?"

"झालं ना. बयनीच्या लग्नाला चार दिस सुट्टी मागली, दोनच दिली. पण वही कशाला चोरू बाई? कारखाना गेला तं चारी दिस सुट्टीच हाय मला."

दमयंतीबाई खळखळून हसल्या. मग त्यांनी फोनवरचा फोटो त्याच्यापुढे धरला. "हे वाच बरं. असं मिश्रण करशील का?"

अंकुशनं यादी वाचली: गंधक, झिंक ऑक्साइड, काजळी, काजूतेलाचं औषध. त्यानं कपाळाला हात लावला, आणि कपाळही काळं झालं.

"गंधक पयलं? तुमी मशीन जाळता का काय? पयलं रबर मळायचं, मग झिंक, मग औषध, मग काजळी. गंधक सगळ्यांच्या शेवटी. पयलं टाकलं तं रबर रोलावरच करपतं. आमाला एकनाथदादांनी पयल्या दिशी कान धरून शिकवलंय."

"आणि वहीत ते कसं लिहायचे?"

"टाकायचं तसंच. एकेक टाकत जायचं, एकेक लिवत जायचं."

दमयंतीबाईंनी फोनमध्येच जुनी दिनदर्शिका काढून एक वार पाहिला आणि स्वतःशीच मान डोलावली.

ऑफिसात भाग्येश चहा घेऊन आला. बळवंतच्या दिवंगत भावाचा मुलगा, तिशीतला, डोंबिवलीत वाढलेला. मुंबईतली नोकरी सुटल्यावर काकानं दोन वर्षांपूर्वी त्याला इथे आणलं होतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं अगदी मऊ.

"मावशी, साखर कमी घातलीये. काका म्हणाले, तुम्हाला तशी लागते."

"गुणी आहेस. मशीनकडे जातोस का रे कधी?"

"छे हो! तिकडे पाऊल टाकलं की कपडे गेले. माझं आपलं कागदांचं काम. दोन वर्षांत चारदासुद्धा गेलो नसेन."

"शुक्रवारी काम जास्त असतं का?"

"शुक्रवारी?" तो गोंधळला. "असतंच. शनिवारच्या आधी बिलं काढायची असतात. का हो?"

"सहज." दमयंतीबाईंनी बशी उचलली. पांढऱ्या बशीच्या कडेवर अंगठ्याचा एक ठसा उमटला होता, मघाच्या अंकुशच्या कपाळासारखा काळाकुळकुळीत. त्यांनी चहा शांतपणे संपवला आणि हाक मारली, "बळवंत, सगळ्यांना काजळीच्या पोत्यांपाशी बोलाव!"

४

सगळे जमले. मशीन बंद होतं, त्यामुळे बळवंतचा श्वासही ऐकू येत होता.

"फोटोतलं पान खोटं आहे," दमयंतीबाईंनी सुरुवातच अशी केली. "कंपनीच्या पेटंटात औषधाचं जे प्रमाण दिलंय, तेच बरोबर त्या पानावर आहे. पान इतकं सोयीचं होतं की मला गुरुवारीच शंका आली. म्हणून भिंग काढलं. बळवंतनं ते सगळ्यांना सांगितलं, आणि पान लिहिणाऱ्याची गाळण उडाली. वही गायब."

"पण खोटं कशावरून, मॅडम?" हेमालीनं विचारलं.

"लिहिणाऱ्यानं अक्षर छान उतरवलं. तारीखही जपून निवडली, रविवार चुकवला. पण १५ डिसेंबर २०१७ला शुक्रवार होता. त्या काळी शुक्रवारी हा कारखाना बंद असायचा. तू कथकला जायचीस. बंद कारखान्यात एकनाथराव काय बनवत होते? आणि तेच एकनाथराव, गंधक पहिलं लिहितील?"

"मेले तरी नाय लिवणार," अंकुश म्हणाला.

"तेव्हा हे पान लिहिणारा सतरा साली इथे नव्हता. त्याला आजची रविवारची सुट्टी माहीत, तेव्हाची शुक्रवारची नाही. त्याला औषधाचं नाव माहीत, टाकायचा क्रम नाही. आणि त्यानं वही लपवली अशा ठिकाणी, जिथे मशीनवरचा माणूस कधीच लपवणार नाही, कारण काजळी साबणानं जात नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. भाग्येश, अंगठा दाखव रे बाळा."

भाग्येशनं हात मागे घेतला. मग पुढे केला. नखाच्या कडांना काळी रेघ होती. तो हुंदका देऊन रडायला लागला.

"काका, मला वाटलं, आपल्याकडे खरं पान आहे पण त्यात प्रमाणच नाही. मागची बाजू कोरी होती, तिच्यावर लिहिलं. तुम्ही मला हात दिलात, आणि मी नुसता बघत बसू का? मग भिंगाचं ऐकलं आणि वही काढून घेतली. जाळणार होतो, पण वहीवर तुमच्या दसऱ्याच्या पूजेचं कुंकू होतं. जाळवेना."

अंकुशनं तिसऱ्या पोत्यात हात घातला आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही बाहेर काढली.

बळवंतनं पुतण्याला दोन शिव्या घातल्या आणि लगेच जवळही घेतलं. पांढऱ्या शर्टाची वाट लागली. "मिळाली ना वही!" तो ओरडला. "ते एक पान फाडू आणि बाकीची देऊ सोमवारी!"

"नाही," दमयंतीबाई म्हणाल्या. "पान फाडायचं नाही. भाग्येश त्यावर लिहील की हे मी खोटं लिहिलं, आणि सही करेल. आणि ही वही सोमवारी कुठेही जाणार नाही. खोटं पान लागलेली वही मी स्वतः कचेरीत असते तर बाहेर भिरकावली असती."

बळवंत मटकन पोत्यावर बसला. बावीस घरांतली तीन माणसं समोर उभी होती, आणि त्यांच्याकडे बघायची त्याची छाती होईना.

५

दमयंतीबाई पोत्याच्या कडेला उभ्या राहून वही चाळत होत्या. खोट्या पानाच्या समोरच एकनाथरावांची खरी नोंद होती. २० डिसेंबर २०१७, बुधवार. 'काजूतेलाचं औषध घालून झोपाळ्याच्या सहा बैठका. माहीम.'

"हे कुठले झोपाळे? समुद्रावर सुरूच्या झाडांखाली मुलांची बाग आहे, तिथले?"

"हो," बळवंत पुटपुटला. "सव्वीस जानेवारीला उद्घाटन झालं होतं. गावाला भेट दिले मी."

"गावाला भेट दिलेस. फीत कापली. गर्दी जमली. आणि रबर का तडकणार नाही, हे तू कोणाला सांगितलं नाहीस?"

"कोणालाच नाही!"

दमयंतीबाईंनी वही मिटली. "बळवंत, आज तू तिसऱ्यांदा 'नाही' म्हणालास. पहिल्यांदा म्हणालास तेव्हा माझा निरोप तू सगळ्या कारखान्याला वाचून दाखवलेला निघाला. काकडीची बातमी करणारा माणूस स्वतःच्या शोधाबद्दल गप्प बसला? मला हे आजच्या खोट्या पानापेक्षाही अवघड वाटतं. काय केलंस सांग."

बळवंतचे कान लाल झाले. त्यानं एकदा हेमालीकडे पाहिलं, एकदा छताकडे.

"ताई, रागावू नका. त्या उद्घाटनाची स्मरणिका निघाली होती. मी त्यात लेख लिहिला. कृती, प्रमाण, सगळं. शंभर किलो रबराला तीन किलो औषध, असं. भरात येऊन लिहून गेलो हो! मग एका वकिलाला पेटंटचं विचारलं, तर तो म्हणाला, छापलंत ना, आता तुम्हाला पेटंट मिळणार नाही. मी माझ्या हातानं माझा शोध गावभर वाटला! त्या लाजेनं माझ्याकडचा गठ्ठा रद्दीत घातला. तेव्हापासून कोणाला बोललो नाही. एवढी एकच गोष्ट आयुष्यात लपवली."

दमयंतीबाई हसायला लागल्या. त्या इतक्या हसल्या की हेमालीनं धावत जाऊन पाणी आणलं.

"अरे वेड्या! वकील बरोबरच बोलला. छापून आलेल्या गोष्टीवर तुला पेटंट मिळणार नाही. मग तुझ्यानंतर दीड वर्षानं अर्ज करणाऱ्याला कसं मिळेल? जे आधीच सगळ्यांना सांगून टाकलंय, ते कोणा एकाचं होत नाही! गावाला वाटलंस ना? मग आता ते गावाचं, तुझं, अंकुशचं, आणि त्या कंपनीचंसुद्धा. तुला कोणी थांबवू शकत नाही!"

बळवंत उभा राहिला आणि पुन्हा बसला. "पण ताई, स्मरणिका आता मिळणार कुठे? कोण ठेवतं?"

दमयंतीबाईंचं हसू एकदम थांबलं. त्यांनी जीभ चावली.

"माझ्याकडे आहे," त्या हळूच म्हणाल्या. "पान एकोणतीसवर माझा फोटो आहे. 'माहीमची कर्तबगार कन्या.' म्हणून साडीच्या कपाटात जपून ठेवलीये. तुझा लेख कितव्या पानावर?"

"तीस."

म्हणजे त्यांच्याच फोटोच्या पाठीमागे. तीस वर्षं प्रत्येक अर्जदाराला 'हे आधी कुठे छापलंय का' असं विचारणाऱ्या बाईनं सात वर्षांत एक पान उलटलं नव्हतं! स्मरणिका कोण वाचतं हो? आपला फोटो बघायचा आणि ठेवून द्यायची. दमयंतीबाईंनी स्वतःच्या डोक्यावर टपली मारली आणि अंकुशसकट सगळे हसले.

६

रविवारी सकाळी सगळी वरात माहीमच्या समुद्रावर गेली. सहाच्या सहा झोपाळे जागेवर होते. साखळ्या दोनदा गंजून बदलल्या होत्या, खांब रंगवून झाले होते, पण रबरी बैठकांना एक चीर नव्हती. शेजारच्या फरशीवर उद्घाटनाची तारीख कोरलेली. हेमालीनं सरपंचांसमोर एका बैठकीचा तुकडा तपासणीसाठी कापून घेतला. गावातल्या अकरा जणांनी लेख आणि बळवंतचं उद्घाटनाचं भाषण आठवत असल्याचं लिहून दिलं. भाषण तासाभराचं होतं, असं अकराही जणांनी न विचारता नमूद केलं.

दमयंतीबाईंनी पदर खोचला आणि सहासष्टाव्या वर्षी झोपाळ्यावर बसल्या. "भाग्येश, चल, झोका दे. ही तुझी शिक्षा. उद्यापासून महिनाभर अंकुशच्या हाताखाली मशीनवर."

"गंधक शेवटी, मावशी," भाग्येश म्हणाला आणि त्यानं जोरात झोका दिला.

सोमवारी कागद दाखल झाले. मग तारखा पडल्या, उत्तरं आली, सुनावणी झाली, आणि वर्ष सरत आलं.

थंडीतल्या एका सकाळी दमयंतीबाई पानवेली बांधत होत्या. मागे पावलं वाजली. हॉर्न वाजला नव्हता, म्हणून त्यांना वाटलं, शेजारचं कोणी असेल. वळून पाहिलं तर बळवंत. त्यानं काही न बोलता फोन पुढे केला.

निकाल लांबलचक होता. दमयंतीबाईंनी सवयीनं शेवटून वाचायला सुरुवात केली. पेटंट रद्द. कारण: शोध आधीच प्रसिद्ध झालेला आहे, पाहा स्मरणिका, पान तीस.

"अरे, बोल की रे!" त्या ओरडल्या. "मेल्या, जन्मात पहिल्यांदा बोलायला काही आहे, आणि आज गप्प?"

बळवंतनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. गालांवरून पाणी ओघळत होतं. "बावीस घरं, ताई," एवढंच तो म्हणाला. दोघं पानवेलींमध्ये तशीच उभी राहून रडत आणि हसत होती.

मग बळवंत गाडीकडे गेला आणि त्यानं हॉर्नवर हात ठेवला. सगळी आळी दारात आली. दमयंतीबाईंनी या वेळी तो हात काढायला सांगितलं नाही.